न पिळलेलं कारलं

घरी कारल्याची भाजी असली की मी काप पोळीच्या घडीत दडवायचो, डोळे मिटून गिळायचो आणि वर ताकाचा घोट घ्यायचो. पानात पडलं ते संपवायचं, हा घरचा नियम. आई तिच्या परीने दया दाखवायची. चकत्यांना मीठ चोळून ठेवायची, मग घट्ट पिळून हिरवं पाणी ओतून द्यायची, वर चिंच, गूळ, दाण्याचं कूट. तरी कारलं ते कारलंच. तुपात तळलं, साखरेत घोळलं, ही म्हण शाळेत यायच्या आधीच माझ्या जिभेला पाठ होती.

आता पंचेचाळिशीत कारली मीच आणतो, मीच चिरतो, आणि पिळत मुळीच नाही. पातळ चकत्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तिखट-मीठ, बस. कुणी गूळ घातला तर मला राग येतो. शेपूचंही तेच. पूर्वी जिन्यातच वास यायचा आणि पाय जड व्हायचे. आज मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी दिलेला शेपू भाकरीबरोबर दोनदा मागून घेतो. उलट लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला दिसला की पानावर हात आडवा धरतो आणि मठ्ठ्याची वाटी पुढे करतो. एके काळी जिलब्यांच्या पैजा लावल्या आहेत मी. (चहाही आता बिनसाखरेचा. त्याबद्दल मात्र डॉक्टरांचे आभार मानायला हवेत, जिभेचे नाही.)

या सगळ्याला मी बायकोसमोर 'माझी चव आता प्रगल्भ झाली' असं म्हणायचो. आयुर्वेदाचे सहा रस काढून दाखवायचो. त्यात कडूला 'तिक्त' म्हणतात आणि 'कटु' म्हणजे तिखट. आपला 'कडू' मात्र त्या कटूवरूनच आला. म्हणजे भाषेचीसुद्धा चव बदललीच की!

मग कुठेतरी वाचलं, की मुलांना कडू खरोखरच जास्त लागतं. वनस्पतींमधली बरीच विषं कडू असतात, म्हणून लहानपणी जीभ डोळ्यांत तेल घालून पहारा देते. चव ओळखणाऱ्या पेशी साधारण दहा दिवसांत बदलतात, म्हणजे कारलं थुंकणारी ती जीभ केव्हाच गेली. इथवर ठीक होतं. पण पुढे लिहिलं होतं, की वय वाढेल तसं हे नव्याने उगवणं मंदावतं, आणि नाक तर त्याहून जास्त मंदावतं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचाच. म्हणजे प्रगल्भ वगैरे काही नाही, पहारेकऱ्याला डुलकी लागलीय.

तेव्हा बाबा आठवले. शेवटची काही वर्षं ते प्रत्येक पदार्थावर वरून मीठ घ्यायचे. आई चिडायची, रक्तदाबाची आठवण करून द्यायची, शेवटी तिने मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली. आम्हाला तो हट्ट वाटायचा. त्यांना जेवण खरंच अळणी लागत असेल, हे कुणाच्याही मनात आलं नाही.

परवा आमटी मी केली होती. पहिल्याच घासाला बायको म्हणाली, "अहो, केवढं मीठ!" मुलीनेही वाटी बाजूला सारली.

मी पुन्हा चाखून पाहिली. मला बरोबर लागली.