तुम्ही विचारलंत म्हणून: तिची वेळ आली हे कसं ओळखायचं?

‘अंडी बंद झालेल्या कोंबड्या कशाला सांभाळता?’ असं लोक पूर्वी विचारायचे. त्याला मी नुसता हसायचो. हल्ली वेगळा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याच्या घरी बहुधा एक कोंबडी कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली असते: ‘आता हिला जाऊ द्यावं, हे तुम्ही कसं ठरवता?’

पहिल्या खेपेला मला ते जमलं नव्हतं. तिथूनच सांगतो.

ठमी सात वर्षांची होती. तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पाचव्या-सहाव्या महिन्यात अंड्यावर येते, पहिली दोन वर्षं भराची असतात, मग दरवर्षी अंडी कमी होत जातात. पण अंडी आटली म्हणून कोंबडी संपत नाही. नीट सांभाळली तर सात-आठ वर्षं जगते, एखादी 10 च्याही पुढे जाते. ठमीनं शेवटचं अंडं कधी घातलं ते मला आठवतही नाही.

म्हातारीसाठी खुराड्यात फार काही बदलावं लागत नाही. दांडी फूटभर उंचीवर आणली, कारण वरून उडी मारताना पाय दुखावतात. उकरणं कमी झालं की नखं झिजत नाहीत, ती कापावी लागतात. आणि खाद्य बदललं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 4 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, ते कवचासाठी. अंडंच घालत नसेल तर त्या जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडांवर येतो. म्हणून सगळ्यांना वाढीच्या पिल्लांचं खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. जिला हवा ती खाते. आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर प्रत्येकीला उचलून वजन करायचं आणि छातीचं हाड चाचपायचं, हे मात्र मी ठमीनंतर शिकलो. पिसांच्या आत कोंबडी निम्मी झाली तरी बाहेरून गुबगुबीतच दिसते.

ठमी फेंगडी चालायला लागली तेव्हा तिच्या पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि अंडाशयाचा रोग असावा म्हणाले. म्हाताऱ्या कोंबड्यांमध्ये अंडाशयाचा कर्करोग इतका आढळतो, की माणसातल्या त्याच रोगाच्या अभ्यासासाठी संशोधक कोंबड्या वापरतात. पाणी काढलं, ती टुणटुणीत झाली, काही आठवड्यांत पोट पुन्हा भरलं. डॉक्टरांनी शेवटच्या इंजेक्शनचा विषय काढला. मी म्हटलं, ‘अजून खातेय की.’

खरंच खात होती. माझ्या तळहातावरचे दाणे शेवटपर्यंत टिपत होती, एकेक, चोच उघडी टाकून मध्ये श्वास घेत. मला त्यातून धीर यायचा. कळपात कोण कुणाला टोचणार याची उतरंड असते, आणि दुबळी दिसली की ती खाली ढकलली जाते. त्यातून हा पक्षी शिकार होणारा, म्हणजे दुखणं लपवणं त्याच्या हाडीमासी. दाणे टिपणं हेही त्यातलंच सोंग असू शकतं, हे मला माहीत होतं, पण त्या दिवसांत ते आठवायचं नव्हतं. पाचव्या सकाळी ती दांडीखाली पडलेली सापडली. ते चार दिवस तिनं माझ्या समाधानासाठी काढले.

म्हणून बुटकीच्या वेळी मी खाण्याकडे बघितलंच नाही. मातीकडे बघितलं.

बुटकीचा धुळीचा खड्डा ठरलेला होता. दुपारी तिथं आडवी व्हायची, एक पंख वर करायची, पायानं माती अंगावर उडवायची आणि मग डोळे अर्धवट मिटून मेल्यासारखी पडायची. नवख्या माणसाच्या काळजाचा ठोकाच चुकावा. यात कुणाला दाखवायचं काही नसतं. बरं वाटत असलं की कोंबडी हे करते. एका दुपारी ती खड्ड्याच्या काठावर आली, दोनदा उकरलं, आत बसली आणि तशीच बसून राहिली. माती उडवलीच नाही. दुसऱ्या दिवशी काठापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी आली नाही. सकाळीही तिच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी हाताला भरलेली लागत होती, म्हणजे आदल्या संध्याकाळचं पुढे सरकलेलं नव्हतं. मी फोन केला.

आधी गुंगीचं औषध दिलं, ती माझ्या मांडीवरच होती. कोंबडीची खालची पापणी वर येते. ती सावकाश वर आली, थांबली, पुन्हा वर आली. दुसऱ्या इंजेक्शनचं तिला कळलंही नसावं. काही जण हे काम स्वतःच्या हातानं करतात. ज्याला सफाईनं येतं त्याला मी नावं ठेवणार नाही. मला येत नाही, आणि अर्धवट येणं सगळ्यात वाईट.

खड्डा खोल घ्या. इंजेक्शनचं औषध शरीरात राहतं, कुत्र्या-मांजरांनी उकरून खाल्लं तर त्यांच्या जिवावर बेतेल. आणि एका पाठोपाठ दोन-तीन कोंबड्या अचानक गेल्या तर पुरायची घाई नको, हात लावू नका, आधी पशुवैद्याला कळवा. तो बर्ड फ्लूही असू शकतो.

पुरण्याआधी बुटकीला बाकीच्यांसमोर ठेवलं होतं. तिच्या पाठीला पाठ लावून पाच वर्षं झोपलेली काळी जवळ आली, एका डोळ्यानं बघितलं, मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, तुऱ्यावर एक टोच मारली आणि किडे शोधायला निघून गेली. रात्री दांडीवर भिंतीकडची उबेची जागा, जी बुटकीनं तिला कधी मिळू दिली नाही, तिथं ती जाऊन बसली होती.