पोटाची छाती झाली, पण एका ऑपरेशनात नाही

ब्रेस्ट कॅन्सरमुळे मास्टेक्टॉमी झाली, म्हणजे छाती काढली, तेव्हा रिकन्स्ट्रक्शनचा, म्हणजे नवीन छाती बनवून घ्यायचा विषय मीच टाळला. केमो, मग रेडिएशन, त्यात अजून एक ऑपरेशन कोण करून घेणार. दीड वर्ष ब्रामध्ये सिलिकॉनचा पॅड घालून काढलं. खाली वाकलं की तो पुढे सरकायचा आणि मी खांदा आखडल्याचं नाटक करत चारचौघांत त्याला जागेवर आणायचे. शेवटी त्याचाच वैताग आला, बाकी मोठा विचारबिचार काही नव्हता.

प्लास्टिक सर्जन म्हणाले, रेडिएशन झालेल्या जागी इम्प्लांट टाकलं तर त्याच्याभोवती कडक आवरण धरायची शक्यता जास्त, तुमच्यासाठी डीआयईपी फ्लॅप बरा. म्हणजे बेंबीखालची कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट काढायची, छातीवर आणायची आणि मायक्रोस्कोपखाली तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडायची. पोटाचा स्नायू तिथेच राहतो. "वा, पोटही कमी होईल!" हे मला इतक्या जणींनी सांगितलं की काय बोलू. होतं ना कमी, पण ह्या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके आणि बेंबीला नवीन भोक पाडून बाहेर काढलेलं, तेही सोबत येतं.

ऑपरेशनला नऊ तास लागले. मला विचाराल तर खरी परीक्षा पहिल्या रात्रीची. दर तासाला नर्स यायची, पेनासारखा डॉप्लर नव्या छातीवर टेकवायची आणि त्यातून शूं... शूं... असा रक्ताचा आवाज यायचा. तो आला म्हणजे जोडलेली नस चालू. पहाटे एकदा आवाज लागेचना, ती पेन इकडून तिकडे फिरवतेय, मी तिच्या तोंडाकडे बघतेय, बोलायची सोय नाही. मग खुणेच्या टाक्यापाशी थोडं तिरकं धरलं आणि शूं सुरू झालं. त्यानंतर मी झोपलेच नाही, पुढच्या तासाची वाट बघत पडून राहिले.

घरी आले ती काटकोनात वाकून. सरळ उभं राहिलं की पोट फाटेल असं वाटायचं, झोपायचं तेही गुडघ्याखाली उशा घेऊन. जखमेतलं पाणी नळीने बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या तीन बाटल्या कमरेला लटकलेल्या, त्या ताई रोज दोनदा रिकाम्या करायची, मापात ओतायची आणि वहीत लिहायची. दिवसभरात ३० मिलीच्या खाली आलं की काढणार असं सांगितलेलं. पोटाच्या उजवीकडची बाटली ३५ वर अडून बसली ती बसलीच, ताई रोज "आज ३४!" असं लॉटरी लागल्यासारखं ओरडायची.

एक गोष्ट मला कुणी नीट सांगितली नाही, किंवा सांगितली असेल आणि मीच ऐकली नसेल. नवीन छाती बधिर असते. हात लावला तर दिसतो, कळत नाही. कडेकडेने थोडं परत आलंय, मधे काहीच नाही. पोटाचंही तसंच, म्हणून पाठ दुखते तेव्हा गरम पाण्याची पिशवी चुकूनही पुढच्या बाजूला येऊ देत नाही. भाजलं तरी कळायचं नाही.

आणि एवढ्यावर संपत नाही बरं का. सहा महिन्यांनी दुसरं, छोटं ऑपरेशन, त्यात वरच्या खळग्यात मांडीची चरबी भरली आणि निपल तयार केलं. पण निपल हळूहळू सपाट होत खाली बसतं, ते सर्जननी आधीच सांगितलेलं आणि बसलंच. मग काही महिन्यांनी भोवतीच्या रंगाचा टॅटू. करणारी बाई दर दोन मिनिटांनी "दुखतंय का?" विचारत होती, मी आपली मोबाईल बघत पडलेली. रंग झाला भलताच गडद, बघून मी घाबरलेच, तर ती म्हणाली महिनाभरात उतरेल, मुद्दाम गडद भरलाय. आज तीन आठवडे झाले, थोडा उतरलाय, डावीकडच्याशी अजून जुळत नाहीये.