'पीपिंग टॉम'ला एवढ्या शिव्या का पडल्या

रविवारी रामबागेत आत्याकडे सगळे जमलो होतो, मी म्हटलं आज 'पीपिंग टॉम' (म्हणजे चोरून बघणारा) हा १९६० चा ब्रिटिश थ्रिलर बघू, तर आतेभावाने आधी मोबाईल काढला, "ताई, क्रिटिक्सनी जाम धुतलाय याला, दुसरा लाव ना." तिथे गडबडीत नीट बोलणं झालं नाही म्हणून इथे लिहितेय.

धुतला हे खरंय. दिग्दर्शक मायकल पॉवेल म्हणजे जोडीदार एमेरिक प्रेसबर्गरबरोबर 'द रेड शूज'सारखा गाजलेला पिक्चर करणारा मोठा माणूस, आणि त्याच्या 'पीपिंग टॉम'बद्दल 'ट्रिब्यून' या ब्रिटिश साप्ताहिकात समीक्षक डेरेक हिलने लिहिलं की हा फावड्याने उचलून जवळच्या गटारात टाका. पिक्चर थिएटरातून लवकरच उतरला, पॉवेलला इंग्लंडमध्ये काम मिळणं अवघड झालं आणि पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन पिक्चर करावे लागले. एका पिक्चरमुळे!

पिक्चरचा नायक मार्क हा फिल्म स्टुडिओत फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा), लाजाळू, दिसायला गोड, आणि बायकांना मारताना त्यांचा घाबरलेला चेहरा शूट करतो, ट्रायपॉडच्या पायातच हत्यार. लहानपणी त्याच्या शास्त्रज्ञ बापाने भीतीचा अभ्यास म्हणून त्याला झोपेतून उठवून घाबरवलंय आणि ते शूट केलंय. तो बाप पॉवेल स्वतः झालाय आणि छोटा मार्क म्हणजे त्याचाच मुलगा!

त्याच वर्षी हिचकॉकचा 'सायको' आला, त्यातही खून आहेत, पण शेवटी एक डॉक्टर येऊन सगळं समजावून सांगतो आणि आपण सुटतो. इथे सुरुवातीलाच कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून खून आपणच बघत असतो, मार्कच्या डोळ्याने, आणि वर त्याची दयाही येते. मला वाटतं लोकांना तेच झोंबलं, ज्यांचं कामच अंधारात बसून बघायचं आहे त्या क्रिटिक्सना तर जास्तच, म्हणून पिक्चर कसा बनलाय हे बाजूला राहिलं आणि बनवणाऱ्याच्या हेतूवरच लिहिलं गेलं. टीका करायला जागा होती की! लंडनमध्ये वाढलेला मार्क जर्मन वळणाचं इंग्रजी बोलतो, स्टुडिओतले विनोदी सीन रेंगाळतात, ते लिहा ना.

आणि ती आंधळी आई! मार्कच्याच घरात खाली राहणाऱ्या हेलन नावाच्या मुलीची आई, तिला काही दिसत नाही पण वरच्या खोलीतली मार्कची पावलं रोज ऐकून तिला कळलंय की या मुलाचं काहीतरी बिनसलंय. ती त्याच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसते, पडद्यावर त्याची फिल्म चालू आहे आणि ती त्याला विचारतेय काय दिसतंय. बघण्यावरच्या अख्ख्या पिक्चरमध्ये ज्या बाईला दिसत नाही तिलाच सगळं आधी कळतं, असा सीन असलेल्या पिक्चरला घाणेरडा कसं म्हणवतं?

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने अमेरिकेत हा परत लोकांपुढे आणला. मला मात्र 'संडे टाइम्स'च्या समीक्षक डिलिस पॉवेल जास्त आवडतात (आडनाव तेच, नातं नाही), १९६० मध्ये त्यांनीही झोडपलं होतं पण १९९४ मध्ये चक्क छापून सांगितलं की आपलं चुकलं. तोवर मायकल पॉवेल जाऊन चार वर्षं झाली होती.

बघणार असाल तर २०२३ ला रिस्टोअर केलेली प्रिंट शोधा, रंग फार महत्त्वाचे आहेत यात, आणि प्लीज मोबाईलवर नको.