राजवाडा, गुडघे आणि तीनशे युआन: बीजिंग, शीआन, शांघाय

बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण बीजिंगच्या राजवाड्याच्या (म्हणजे फॉरबिडन सिटीच्या) उत्तर दरवाज्याबाहेर ज्या सायकलरिक्षा घुटमळत असतात त्यांत बसू नका. भाडं कितीही कमी सांगू देत. सोबत वयस्कर माणसं असतील तर हा एक दिवस नीट आखा. बाकीचा चीन आपोआप निभावतो.

आम्ही म्हणजे मी, नवरा, बारावीतून सुटलेली मुलगी आणि माझे आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलो. १ मेला लागून तिकडे कामगार दिनाची सुट्टी असते आणि १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची. तेव्हा अख्खा देश फिरायला बाहेर पडतो. विमान फुकट मिळालं तरी त्या आठवड्यांत जाऊ नका. रेल्वे, हॉटेलं सगळं आमचं आम्ही केलं, फक्त बीजिंगमधली गाडी एका एजंटाकडून घेतली. "राजवाडा दोन तासांत होतो, बाहेर आलात की गाडी दारात," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं.

दोन्ही खोटं. राजवाडा दक्षिणोत्तर जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे. त्याआधी तिआनआनमेनपाशी पासपोर्ट तपासणी, बॅगा मशीनमध्ये, मग पुन्हा चाल, आणि मग कुठे दक्षिणेचा वूमन दरवाजा येतो. आत जायचं ते इथूनच. मोठ्या चौकांत एक झाड नाही, फरसबंदी तापलेली आणि महालांचे उंबरे चांगले उंच. प्रत्येक उंबऱ्याशी आई थांबायची, माझा खांदा धरायची, आधी उजवा पाय टाकायची. दोन तासांत आम्ही जेमतेम अर्ध्यात पोचलो होतो.

उत्तर दरवाज्यातून बाहेर आलो तर गाडी नाही. तिथल्या रस्त्यावर गाड्यांना थांबूच देत नाहीत, ॲपवरून बोलावलेली टॅक्सीही येत नाही. आमच्या ड्रायव्हरने पाठवलेलं ठिकाण दीड-दोन किलोमीटरवर. तेवढ्यात रिक्षावाला आला, आईच्या गुडघ्याकडे बोट केलं आणि तीन बोटं दाखवली. तीस युआन, म्हणजे पावणेचारशे रुपये. ठीक वाटलं. आई-बाबांना बसवलं, आम्ही मागून चालत निघालो.

पंधरा मिनिटांनी बाबांचा फोन. रिक्षावाल्याने त्यांना एका गल्लीत नेऊन उतरवलं होतं. सीटखालून त्याने प्लास्टिक चढवलेलं एक दरपत्रक काढलं, त्यावर ३००, आणि तेही माणशी. दोघांचे सहाशे, म्हणजे साडेसात हजार रुपये! गल्लीत चिटपाखरू नाही आणि तो हँडलवर हात आपटत उभा. बाबांनी वॉट्सअॅपवर ठिकाण पाठवलं म्हणून आम्ही पोचलो तरी. नवऱ्याने फोनवर ११० लावायला घेतला (तो तिकडच्या पोलिसांचा नंबर), तेव्हा शंभरावर तुटलं. ते शंभरही माझ्या मनाला अजून लागलेत.

तर राजवाडा असा करा. तिकीट सात दिवस आधी पासपोर्ट नंबर घालून काढायचं. सोमवारी बंद. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, इतर महिन्यांत ४०. कागदी तिकीट नसतं, मूळ पासपोर्टच दाखवायचा, तेव्हा तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. तिआनआनमेन चौकात पाय ठेवायचा असेल तर त्याचं आरक्षण वेगळं. आत व्हीलचेअर मिळते, लाज न बाळगता घ्या. मुख्य तीन महाल बघून झाले की वयस्करांना घेऊन मागे वळा आणि पूर्वेच्या दोंगहुआमन दरवाज्याने बाहेर पडा. तिथून वांगफूजिंगचा बाजार पंधरा-वीस मिनिटं रमतगमत, तिथे मेट्रो आहे आणि टॅक्सीही. गुडघे शाबूत असलेल्यांनी उत्तरेलाच निघावं आणि समोरच्या जिंगशान टेकडीवर चढावं. वरून पिवळ्या छपरांचा सगळा पसारा दिसतो. मुलगी आणि नवरा दुसऱ्या दिवशी जाऊन आले.

चीनच्या भिंतीचा दिवस झकास गेला, त्यामुळे थोडक्यात. बादालिंगला जाऊ नका, तिथे गर्दी फार. मुतियान्यूला जा. केबल कार चौदाव्या बुरुजापाशी सोडते, आई-बाबांनी तिथल्या तिथेच दोन बुरुज केले आणि खूश झाले. तरुणांनी सहाव्या बुरुजापासून घसरगाडीने खाली यावं.

शीआनला जलद रेल्वेने साडेचार ते सहा तास लागतात, तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात. स्टेशन विमानतळाएवढं मोठं असतं. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग कुणाची गयावया चालत नाही. तासभर आधी पोचा. स्वयंचलित फाटकाने पासपोर्ट घेतला नाही तर कडेला माणूस बसलेला असतो, तिथून जा. बॅगा तपासतात, आईची फळं कापायची सुरी बीजिंगलाच राहिली. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक बघा: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी हे चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह छापलेलं नसेल तर ती नेऊ देत नाहीत.

मातीचे सैनिक (टेराकोटा आर्मी) बघायला मेट्रोच्या ९ नंबरच्या लाइनने हुआचिंग छर आणि पुढे बस. शीआनच्या रेल्वे स्टेशनबाहेर "सैनिक, सैनिक" ओरडत मागे लागणाऱ्यांकडे बघूसुद्धा नका, वाटेत दुकानं दाखवत नेतात. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे सापडलं, आणि पहिल्या खड्ड्यात अजून बरेच सैनिक मातीखालीच आहेत. आधी तिसरा आणि दुसरा खड्डा बघा, पहिला शेवटी, म्हणजे बाकीचे फिके पडत नाहीत. तिकीट १२० युआन, आणि पैसे वसूल. बाहेर पडायची वाट मात्र दुकानांच्या रांगेतून, वारीसारखी संपता संपत नाही. शहराची तटबंदी सुमारे चौदा किलोमीटर आहे, वर सायकली भाड्याने मिळतात. संध्याकाळी जा.

पैशांचं काम पुण्यात बसूनच उरका. अलीपे हे पैसे भरायचं चिनी ॲप घ्या, पासपोर्टने पडताळणी करा, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा. ओटीपी भारतीय नंबरवरच येतो, म्हणून रोमिंग हवंच. त्याच रोमिंगवर वॉट्सअॅप आणि गुगल चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. दोनशे युआनच्या वरच्या व्यवहाराला तीन टक्के जास्त लागतात. आई-बाबांच्या खिशात थोडी रोख आणि चिनी लिपीतल्या पत्त्याचं हॉटेलचं कार्ड द्या. आमच्या गल्लीतल्या प्रकारानंतर हे मी सक्तीचंच केलं.

शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढ्याने भागत नाही, भाजीत चरबी आणि कालवांचा सॉस असतो. तेल, रस्सा, सॉस सगळ्याचा उल्लेख असलेली चिनी चिठ्ठी फोनमध्ये ठेवा. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी हॉटेलं उत्तम. आणि तयार उपमा-पोह्यांची पाकिटं भरपूर न्या, कारण उकळतं पाणी स्टेशनवर, रेल्वेत, हॉटेलात, सगळीकडे फुकट. टॉयलेट पेपर मात्र कुठेच गृहीत धरू नका, आणि बहुतेक ठिकाणी उकिडवंच बसावं लागतं. गुडघेवाल्यांनी अपंगांसाठीची खोली शोधावी, तिथे कमोड असतो.

शांघायबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण काही बिघडलं नाही. 'बंड' या नदीकाठच्या रस्त्यावरची रोषणाई दहाच्या सुमारास मालवतात, जेवून निवांत जाऊ म्हणाल तर अंधार बघाल. परतीचं विमान पूदोंगहून की होंगचियाओहून ते तिकिटावर दोनदा वाचा, दोन्ही विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत. पूदोंगला जाणारी मॅग्लेव्ह (चुंबकावर तरंगत धावणारी रेल्वे) लोंगयांग रोड स्टेशनवरून सुटते, भाडं ५० युआन, त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं की ४०.