पहाटे साडेचारचं पाणी

तीन वर्षं आम्ही नांदूर मधमेश्वरला सकाळी साडेदहाला पोचत होतो. नाशिकहून आठला निघायचं, निफाडला चहा घ्यायचा, सामान उतरवून पहिल्या पॉइंटवर पाण्यातला प्राणवायू मोजणाऱ्या मीटरचा प्रोब पाण्यात जाईपर्यंत साडेदहा. महिन्यातून दोनदा पाणी, गाळ आणि वनस्पती, तिन्हींची नोंद. पुराचे दिवस सोडले तर एकही खाडा नाही. या सलग नोंदीचा मला अभिमान होता आणि आजही आहे. पण मार्चच्या शेवटी एका रात्री त्या नोंदीचा अर्थ माझ्यापुरता पार बदलला.

जागा माहीत नसणाऱ्यांसाठी थोडं सांगते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. पुढं कालवे निघाले आणि मागं दरवर्षी गाळ बसत गेला. पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणकणीस माजलं आणि पक्षी उतरू लागले. 1986 साली अभयारण्य झालं आणि 2019 साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव लागलं. त्या यादीतली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. पाटबंधाऱ्यांच्या दृष्टीनं जो गाळ म्हणजे निव्वळ तोटा, त्याच गाळावर ही सगळी जीवसृष्टी उभी आहे. मला या जागेबद्दल सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते त्यामुळंच.

आमचा चार नंबरचा पॉइंट खानगाव थडीच्या अंगाला आहे. वारा फिरला की जलपर्णी तिथं येऊन साचते. काठावर एका शेतकऱ्याची पाण्याची मोटार आहे. साठीच्या आसपासचे गृहस्थ, आम्ही त्यांना बाबा म्हणतो. एक दिवस ते पेटीला कुलूप घालत होते.

"ताई, किती भरला आज तुमचा प्राणवायू?"

"लिटरमागे साडेआठ मिलिग्रॅम."

"म्हंजे चांगला का वाईट?"

"चांगला. माशांना चारच्या वर असला म्हणजे पुरतो."

ते थांबले. "मग पहाटं मासा तोंड वर काढून का फिरतो? आमची लाईट रातची असली का मी चारला हितंच असतो. नुसता बुडबुडाट. हातानं धरावा इतका जवळ येतो."

मी काहीच बोलले नाही. कारण उत्तर मला माहीत होतं. दिवसा शेवाळ आणि पाण्यातल्या वनस्पती उन्हावर प्राणवायू तयार करतात. रात्री तो तयार होणं थांबतं, पण श्वास सगळ्यांचाच चालू राहतो. वनस्पती, मासे, गाळातले जिवाणू, सगळे त्याच साठ्यातून घेत राहतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो. हा आलेख मी फळ्यावर काढून मुलांना शिकवला आहे. आणि तीन वर्षं मी तो उतरून पुन्हा चढलेला असताना मोजत होते, खाली लिहीत होते, 'पाणी जलचरांसाठी योग्य'.

वनविभागाची परवानगी काढून पुढच्या आठवड्यात आम्ही चार नंबरवर मुक्काम केला. मी, एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी, आमचा ड्रायव्हर आणि एक वनरक्षक. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळं बाबांनी आधीच बजावलं होतं की एकटं फिरायचं नाही आणि मोठ्यानं बोलत राहायचं. दोन दिवसांपासून आभाळ आलेलं होतं. शेवटचा माल बागेत राहिलेल्या द्राक्षवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आमच्या कामाच्या दृष्टीनं मात्र हेच दिवस महत्त्वाचे होते, कारण ऊन नसलं की दिवसाची कमाई कमी होते आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो.

संध्याकाळी सहाला मीटरवर सात होते. नऊला साडेचार. बाराला अडीचच्या आसपास. त्यानंतर बाबांची लाईट आली, मोटार चालू झाली आणि ते आमच्याजवळ येऊन बसले.

साडेचारला मीटर 0.6 वर आला.

मला आधी मीटरचाच संशय आला. प्रोबच्या पातळ पडद्याला बुडबुडा चिकटला असेल, बॅटरी उतरली असेल. प्रोब धुतला, पुन्हा बुडवला. आकडा हलेना. म्हणून गाडीतून विंकलर पद्धतीच्या, म्हणजे रसायनं घालून प्राणवायू मोजायच्या, बाटल्या काढल्या. ही पद्धत 1888 मधली आहे, पण तिला बॅटरी लागत नाही, आणि तिच्यात आकड्याआधी डोळ्यांना उत्तर दिसतं. तीनशे मिलीलिटरची काचेची बाटली, आत एकही बुडबुडा नको. पिपेटचं टोक पाण्याखाली धरून दोन मिलीलिटर मँगनीज सल्फेट आणि मग दोन मिलीलिटर अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो, खारकेच्या रंगाचा. शेकडो वेळा मी तो पाहिला आहे.

विद्यार्थिनीनं बॅटरीचा झोत बाटलीवर धरला. साका पांढरा होता. नासलेल्या दुधासारखा, कुठं किंचित पिवळट झाक. तो हळूहळू खाली बसत गेला तरी रंग बदलला नाही.

"हा असाच राहणार?" तिनं विचारलं. प्रयोगशाळेत तिनं असा साका कधी पाहिला नव्हता. मी नदीच्या पाण्यात पहिल्यांदाच पाहत होते.

आम्ल घालून साका विरघळवला, दोनशे मिलीलिटर पाणी मोजून घेतलं, स्टार्च टाकल्यावर फिकट निळा रंग आला. आमच्या द्रावणाचं एक मिलीलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू असा सरळ हिशेब आहे. ब्युरेटमधून एक मिलीलिटरही उतरलं नाही, तोच निळा रंग उडून गेला. मीटर खरं सांगत होता.

तोवर आवाज सुरू झाला होता. जलपर्णीच्या कडेनं, मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यात, बुळूक बुळूक. झोत टाकला तर गोल उघडी तोंडं. पाण्याच्या पृष्ठभागाला हवा लागते तिथं अगदी पातळ थरात जो काय थोडा प्राणवायू असतो, तो ओढायला आलेले मासे. बाबांनी बोट दाखवलं, "रोहू हाय तो. मरळ नाही येणार असा, त्याला वरची हवा घेता येती." ते बरोबर होतं, मरळीला हवेतून श्वास घेण्याची सोय असते. "पूर्वी हितं किती जातीचा मासा होता," ते म्हणाले, "आता बघावं तेव्हा चिलापी न् मांगूर." दोन्ही मासे कमी प्राणवायूत तग धरणारे. बाबांच्या त्या एका वाक्यात आमच्या तीन वर्षांच्या तक्त्यांपेक्षा जास्त माहिती होती असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही वाटतं.

उजाडलं तसे पक्षी आले. राखी बगळे, ढोकरी, पाणकावळे त्या पट्ट्याच्या कडेनं ओळीनं उभे राहिले. मासा वर येतो आहे हे त्यांना आमच्या किती तरी आधीपासून ठाऊक असणार. मी आजवर काढलेले पहाटेच्या बगळ्यांचे फोटो मला आठवले. भरल्या पाणथळीची खूण म्हणून आम्ही तेच फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर लावत आलो आहोत. त्यांतल्या किती पहाटा अशा होत्या, हे आता कळायला मार्ग नाही.

मग पाइप ठोकून गाळाचा गाभा, म्हणजे थरांसकट उभा नमुना, काढला. निरोगी गाळाच्या माथ्यावर पातळ तपकिरी थर असतो, काळा भाग त्याच्या खाली. इथं वरपासूनच काळा कुळकुळीत, सडक्या अंड्यांचा वास. या वासाच्या मागं एक चक्र आहे. प्राणवायू असेतो गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. तो संपला की पकड सुटते, फॉस्फरस पाण्यात येतो आणि जलपर्णीला आयतं खत मिळतं. ती वाढते, ऊन अडवते, कुजून तळाला जाते, गाळ आणखी गुदमरतो. जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते असं आपण सांगतो. वरून येणाऱ्या सांडपाण्यानं तिला खतपाणी मिळतंच, पण एका मर्यादेनंतर तळातला गाळही तिला पोसू लागतो. नुसती मशीन लावून ती काढत राहिल्यानं प्रश्न सुटत नाही, तो यामुळं.

वीसेक पावलांवर पाणकणसाचं बेट होतं. तिथलाही गाभा काढला. गाळ तसाच काळा, पण मुळांभोवती गंजाच्या रंगाच्या बारीक नळ्या. पाणकणीस आपल्या पोकळ देठातून हवा खाली मुळांपर्यंत पोचवतं आणि मुळांतून थोडी बाहेर झिरपते. तेवढ्या केसभर जागेत लोह गंजतं. मी एक मूळ बोटांत धरून चोळलं तर बोटांवर विटकरी रंग उतरला. रात्रभरात पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

आठला मीटर दोनवर आला. ढग फाटले, ऊन पडलं. दहाला चारच्या वर. साडेदहाला, आमच्या नेहमीच्या वेळेला, साडेपाच. आम्ही त्या दिवशी नाशिकहून आलो असतो तर रकान्यात साडेपाच लिहिलं असतं, शेवटच्या रकान्यात 'योग्य', आणि जेवायला निघालो असतो.

परतल्यावर मी मागच्या सगळ्या अहवालांना एक पुरवणी जोडली. सगळी मापं सकाळी साडेदहानंतरची आहेत, पहाटेची स्थिती त्यांतून कळत नाही, हे स्वच्छ लिहिलं. एका कार्यालयात त्यावर विचारणा झाली की वेळ बदलली तर जुन्या आकड्यांशी तुलना कशी करणार? प्रश्न रास्त होता. साडेदहाची नोंद म्हणून बंद केलेली नाही, तिच्या जोडीला पहाटेची नोंद सुरू केली आहे. पण त्याच बैठकीत 'आधीचा आकडा बरा दिसत होता' असंही एकानं म्हटलं. त्याचा मला राग आला आणि तो मी लपवला नाही.

पाण्यात कायम राहून दर पंधरा मिनिटांनी नोंद करणारं यंत्र मिळावं म्हणून अर्ज केला आहे. तोवर आमचं वेळापत्रक बाबांच्या लाईटवर चालतं. त्यांची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की ते फोन करतात, आभाळ आहे का तेही सांगतात. काल रात्री नऊला फोन आला होता. "ताई, सोमवारपासून रातची हाय. ढगही जमायला लागलेत. बाटल्या जास्ती आणा."