झाकून ठेवलेला माणूस

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४, बोलोन्या

सकाळपासून धुके उतरले होते. या शहरात ६२ किलोमीटर भरतील एवढ्या कमानदार पडव्या आहेत, त्यामुळे हवा कशीही असली तरी चालता येते. अशाच एका पडवीतल्या छापचित्रांच्या लहानशा दुकानात एक चित्र दिसले आणि दुपार तिथेच गेली.

आजच्याच काळातल्या एका इटालियन चित्रकाराचे ते एचिंग (पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या रेषांची छाप) आणि ॲक्वाटिंट (आम्लानेच उमटवलेल्या दाणेदार छटा) होते, तळहाताहून थोडेसेच मोठे. कमानीखाली ओव्हरकोट घातलेला एक माणूस पाठमोरा उभा आहे आणि बाकी सारा काळोख. खरे तर हा विषय मला फसवा वाटतो, कारण ॲक्वाटिंटचा दाणेदार काळोख आपसूकच उदास दिसतो आणि त्यात कोणालाही उभे केले तरी तो एकाकी भासतो. १९३० ते १९५६ या काळात इथल्या ललित कला अकादमीत एचिंग शिकवणारे चित्रकार मोरांदी बाटल्या-बरण्यांची छाया रेषेवर रेषा ओढून विणत, आणि माझा कल आजवर त्या कष्टाच्या वाटेकडेच राहिला आहे.

तरीही हे चित्र सुटेना. ॲक्वाटिंटसाठी धातूच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून ती खालून ऊब देऊन चिकटवतात; मग पत्रा आम्लात सोडला, की आम्ल त्या कणांना वळसा घालून मधला धातू खाते आणि त्या सूक्ष्म खड्ड्यांत शाई धरून राहते. जे पांढरे राखायचे ते आधीच वॉर्निशने झाकतात, करडे त्यानंतर, आणि सर्वांत गर्द भाग शेवटपर्यंत आम्लात राहतो. म्हणजे या चित्रात काळोखाची सुरुवात होण्याआधीच माणूस झाकला गेला होता. कोटावरच्या सात-आठ एचिंगच्या रेषा सोडल्या, तर तो निव्वळ कागद आहे; त्याच्यावर उजेड पडलेला नाही, भोवतालचे सगळे तेवढे खाल्ले गेले आहे.

(विद्यार्थिदशेत मी राळ इतकी तापवली होती, की तिचा सलग पापुद्रा झाला, आम्ल आत शिरलेच नाही आणि माझी अमावास्येची रात्र पांढरीफटक छापली गेली.)

छाप उलटी उमटत असल्यामुळे, डावीकडे उभा असलेला हा माणूस पत्र्यावर उजवीकडे असणार, एवढे मनाशी जुळवत असताना दुकानदाराने न मागता भिंग पुढे केले. त्यातून पाहिले तेव्हा कोटाच्या खांद्यापाशी वॉर्निशची कड किंचित उचलली गेलेली कळली. तेवढ्या फटीतून काळोखाचे चार-पाच ठिपके आत शिरले होते, आणि चित्रकाराने ते तसेच ठेवून खाली पेन्सिलीने सही केली होती.