मावशीची कडी

मी फोलीचं काम करते, म्हणजे सिनेमातले आवाज नंतर स्टुडिओत काढून देते. पडद्यावर हिरॉइन जिना चढते तेव्हा पावलं माझी असतात, आणि कुणाचा खून होतो तेव्हा भाजी माझी असते. हाड मोडायला शेवग्याची शेंग, सुरा घुसायला कोबी, त्याहून आत जायचं असेल तर कलिंगड. आमच्या अंधेरीच्या स्टुडिओखालचा भाजीवाला मला बघितलं की विचारतो, मॅडम, आज किती मर्डर?

तर एका वेब सिरीजचं काम आलं, नाव घेत नाही. सीन असा की बंद दाराबाहेर मुलीचा खून होतोय आणि आपण आत, तिच्या आईबरोबर. डिरेक्टरला सुऱ्याचे आवाज हवे होते, भरपूर. दोन कोबी, एक कलिंगड आणि अर्धा किलो शेंगा संपल्या तरी प्रत्येक टेकला त्याचं एकच, "अजून ओलं पाहिजे." चार वाजेपर्यंत स्टुडिओत सांबाराचा वास आणि सीनची पार कॉमेडी.

शेवटी आमच्या रेकॉर्डिस्ट दादांनी लॅपटॉपवर 'द लेपर्ड मॅन' लावला. 1943 चा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम 66 मिनिटांचा. दिग्दर्शक जाक टूर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन. ह्या जोडीचा 'कॅट पीपल' सगळे बघतात, त्यातला तो रात्री सामसुमीत एकदम फस्सकन येऊन थांबणाऱ्या बसचा आवाज तर आमच्या लाइनीत सगळ्यांना पाठ, पण हा सिनेमा कुणी बघत नाही. आरकेओ स्टुडिओ ल्यूटनला फक्त सिनेमाचं नाव आणि तुटपुंजं बजेट द्यायचा, बाकी तू बघ. त्याने काय बघितलंय!

न्यू मेक्सिकोतलं गाव, बिबट्या सुटलाय, आणि आई पोरीला मक्याचं पीठ आणायला रात्री घराबाहेर काढते. पोरगी घाबरलीय तर आईला वाटतं नाटकं. जवळचं दुकान बंद, म्हणून लांब जावं लागतं, येताना पुलाखाली अंधारात दोन डोळे दिसतात आणि डोक्यावरून एकदम ट्रेन धडधडत जाते, तीच बसवाली ट्रिक. मग ती धावत घरी येते, दार बडवते, किंचाळते, आणि आई आत निवांत. खरंय हे कळेपर्यंत कडी अडकलेली. बाहेर काय होतं ते कॅमेरा दाखवतच नाही. दार, आवाज, मग शांतता, आणि दाराखालून आत येणारं रक्त. बस. एक कोबी नाही त्यात.

डिरेक्टर जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "हे बजेटमध्ये बसेल."

आता दार कुठून आणायचं? स्टुडिओचं दार फोम भरलेलं, बडवलं तर थर्माकोल वाजल्यासारखं. मी म्हटलं आमच्या लालबागच्या चाळीतलं सागवानी दार आहे, लोखंडी कडीसकट. शेवटची लोकल गेल्यावर रात्री दोनला गेलो. असिस्टंट आत माइक घेऊन आईबाबांसोबत, मी बाहेर, आणि सेफ्टीला एक छोटा रेकॉर्डर गॅलरीत कठड्यावर. शेजारी सगळ्यांना संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. फक्त बाजूच्या मावशी डोंबिवलीला लेकीकडे होत्या. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं आणि ओरडले, "आई, दार उघड!" तिसऱ्या हाकेला मावशींच्या घरात काहीतरी पडलं. मग त्यांची कडी. सरकतेय, सुटतेय, परत सरकतेय, हात थरथरत असणार, आणि एकदाची खाडकन निघाली. मावशी बाहेर, केस मोकळे, हातात लाटणं. "कोण आहे गं? कुठं गेला मेला?"

मी त्यांना कठड्यावरचा रेकॉर्डर दाखवला. पुढचं जे बोलल्या तेही रेकॉर्ड झालंय, पण ते वापरता येण्यासारखं नाही.

माझं बडवणं बरं होतं, पण ती कडी मी शंभर टेक देऊनही काढली नसती. फायनल मिक्समध्ये सीनमधल्या आईची कडी मावशींचीच आहे, त्यांना विचारून घेतली, बदल्यात एक किलो पेढे.

एपिसोड आला तेव्हा त्यांच्याच घरी बसून बघितला. मावशी टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काय बाई आहे ही, एक कडी काढायला एवढा वेळ लावते?"